आधी पाणी, मग खत

मला खायला घालायची भीती वाटते.

हसू नका. ऑफिसात अख्ख्या टीमला धारेवर धरणारी मी, बाल्कनीतल्या सात कुंड्यांना घाबरते.

आज अण्णांना, माझ्या सासऱ्यांना, जाऊन वर्ष झालं.
या वर्षभरात त्यांच्या ऑर्किडना मी नुसतं पाणी दिलं. खताचा एक थेंब नाही.

अण्णा सांडोर गावचे, बागायती वाडीत वाढलेले. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे चंदनसारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, ते कपड्यांची एक बॅग आणि ऑर्किडच्या या कुंड्या घेऊन. कुंडीत नुसता कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. मला वाटलं, माती भरायची राहिली.

खत घरीच करायचे. शेंगदाण्याची पेंड पाण्यात चार दिवस भिजत ठेवायची. झाकण उघडलं की पार लिफ्टपर्यंत वास.
खालच्या काकू विचारायला आल्या की अण्णा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, ड्रेनेज बघायला हवं.

ते पाणी गाळून इतकं पातळ करायचे की कोऱ्या चहासारखं दिसायचं.

एकदा ते बहिणीकडे गेले होते. मी उत्साहाच्या भरात ते पाणी तसंच, घट्ट, एका कुंडीत कोरड्या मुळांवर ओतलं. आठवड्यात मुळं काळी पडली, पानं गळाली.

अण्णा ओरडले नाहीत. मेलेली मुळं कापली, कापल्या जागी दालचिनीची पूड लावली.
"मीनल, आधी पाणी पाजायचं. मूळ ओलं झालं की मग खत. आणि तेही एवढंच."
अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. चिमूटभर.
ती कुंडी जगली.

मग अण्णांना पॅरालिसिसचा अटॅक आला.
बोलणं गेलं, गिळणं गेलं. नाकातून नळी घातली.

घरी सोडताना नर्सने मला शिकवलं. उशा लावून बसवायचं. आधी थोडं पाणी, मग मुगाचं पाणी किंवा पातळ पेज. अगदी सावकाश. घाई केली तर उलटून छातीत जाईल.

मी अण्णांकडे बघितलं.
त्यांनी डावा हात उचलून तीच चिमूट दाखवली. डोळ्यांनी हसले.

मला नाही हसता आलं. सिरिंज हातात घेतली की रोज नर्सने सांगितलेलं मनात पुन्हा म्हणायचे. माझा नवरा निनाद म्हणायचा, मी देतो. पण अण्णांना मीच लागायचे.

एका रविवारी निम्म्यात त्यांना ठसका लागला. मी थांबले.
मंगळवारी ताप आला. छाती भरली.
आठवडा संपायच्या आत अण्णा गेले.

डॉक्टर म्हणाले, कितीही काळजी घेतली तरी अशा पेशंटचं हे होतं. सगळे म्हणाले, तू खूप केलंस. मी मान हलवली.

त्या रविवारी मी घाई केली होती का?
मला खरंच आठवत नाही.
हे मी निनादलाही सांगितलेलं नाही. तो इथेच, या पोस्टमध्ये वाचेल.

म्हणून खत नाही. नुसत्या पाण्यावर ऑर्किड फुलत नाहीत, पण तग धरतात. माझ्या हातून आणखी काही मरायला नको होतं.

आज वर्षश्राद्धाचं पान वाढलं. अळूचं फदफदं, वडे, खीर. भरभरून, न मोजता वाढलं.
गेलेल्या माणसाला ठसका लागत नाही.

मग बाल्कनीत गेले. पेंड चार दिवसांपूर्वी भिजवून ठेवली होती, फक्त झाकण उघडायचा धीर होत नव्हता. आज उघडलं. वास खाली गेला असणारच.

माझ्या हातून करपलेली ती कुंडी पहिली घेतली. आधी पाणी दिलं. पांढरी मुळं भिजून हिरवी होईपर्यंत थांबले. मग खत.
कोऱ्या चहाइतकं पातळ, एकेक थेंब मोजून.

उद्या सकाळी बाल्कनीचा पडदा सरकवायचाय. त्याची आत्तापासून धास्ती आहे.

अण्णा, आधी पाणी दिलंय.
मग खत.
एवढंच.

नमस्कार करते.