पांढरी खळ आपली, निळी आजोबांची

बाबांचं मुंग्यांशी भांडण तसं जुनंच, पण त्या वर्षी ते अगदी हातघाईवर आलं होतं. सुट्टी लागली म्हणून मी लेकीला घेऊन दादाकडे गेले, तर हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत बाबांनी विचारलं, "तुमच्याकडे चांगलं मोरचूद मिळतं का गं? इथलं सगळं भेसळीचं. खळीत टाकूनही मुंग्या येतात म्हणजे काय!" लेक आली, नात आली, त्याचं काही नाही. मुंग्या आल्या याचं दुःख.

माझे बाबा बाइंडर. जन्मभर त्यांनी पुस्तकं बांधली. शाळांची, कचेऱ्यांची, ग्रंथालयांची, आणि परीक्षा तोंडावर आली की घाबऱ्याघुबऱ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध. बोळातलं त्यांचं दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाईक आत आलं की बाबांना बाहेर यावं लागे. स्वभाव मात्र ऐसपैस, म्हणजे रागाच्या बाबतीत. पुठ्ठा जरासा तिरका बसला की सगळं पुस्तक उकलायचे. "चालेल हो," असं गिऱ्हाईक म्हणालंच तर, "तुम्हाला चालेल, पुस्तकाला चालायचं नाही," असं ऐकवायचे.

सुट्टी लागली की दुकानातलं कातरण पोत्यात भरून ते घरी आणत. रंगीत कागदाच्या पट्ट्या, पुठ्ठ्याचे तुकडे, आणि नशीब जोरावर असेल तर अबरीही. अबरी म्हणजे जुन्या जाड पुस्तकांच्या आत असतो तो लाटालाटांचा रंगीबेरंगी कागद. आई बिस्किटं भाजायची आणि बाबा आम्हाला चांदण्या, साखळ्या, डब्या करायला शिकवायचे. त्यांचा नियम होता, डबीशिवाय खाऊ नाही, आणि ज्याची डबी त्याने करायची. चौकोनी कागदाचे चारी कोपरे मध्यावर आणायचे, कडा दुमडायच्या, पुन्हा उलगडून भिंती उभ्या करायच्या. झाकणाचा कागद नखभर मोठा घ्यायचा, म्हणजे ते नीट बसतं. दादाची डबी नेहमी बसकी व्हायची आणि तो रडायचा, पण बाबांनी कधी बोट लावलं नाही. आईसुद्धा स्वतःची डबी स्वतः करायची. माणसाने माणसाला डबी करून द्यायची पद्धतच आमच्या घरात नव्हती.

आई गेली, मग दुकानही मिटलं. बाबा दादाकडे राहायला आले ते पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा घेऊनच. चार हमालांनी तो वर चढवताना सगळा जिना शिव्यांनी भरून टाकला. त्या दिवशीच बाबांनी सगळ्यांना बजावलं, "मी कुणाची अडचण होणार नाही. माझ्या सामानाचा तुम्हाला त्रास होतोय असं ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी शिकंजा भंगारात." आणि ते बोलले म्हणजे करणारच. दुकान विकतानाही असंच एका सकाळी उठून विकलं होतं. एका ग्रंथालयाची पुस्तकं मात्र ते अजून आपल्या खोलीत बसून बांधायचे.

दादाची बायको म्हणजे माझी वहिनी शिस्तीची. तिच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर 'मीठ' आणि साखरेच्या बरणीवर 'साखर' असं लिहिलेलं, जणू घरात रोज नवीन माणसं जेवायला येतात. फडताळावर मुंगी दिसली की हिचा फडका तिथे हजर. अशा बाईच्या घरात बाबांचा तो पसारा! माझा आपला समज, की ती दात-ओठ खात सहन करत असणार. नवल वाटायचं ते एकाच गोष्टीचं. बाबांचं मोरचूद ती स्वतः आणून द्यायची. बरणी रिकामी व्हायला आली की भरलेली. हे निळे खडे विषारी. खळीत थोडे टाकले की कीड-मुंगी पुस्तकाला तोंड लावत नाही, म्हणून बाइंडर ते वापरतात. मुलांसाठी बाबा वेगळी खळ शिजवायचे, नुसत्या मैद्याची. घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांनाही पाठ होतं, पांढरी खळ आपली, निळी आजोबांची.

त्या दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर कागदांचा नुसता खच पडला होता. दादाचा मुलगा बोका (दुधावर डोळा म्हणून बोका) आणि माझी टिकली चांदण्या चिकटवत होते. ओट्यावर वहिनीची बिस्किटं निवत होती. त्यांच्यावर आज निळं आयसिंग फासायचं, असं तिने मुलांना सकाळीच कबूल केलं होतं. दुसरा ट्रे खालच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या ओव्हनमध्ये होता, तो आणायला ती खाली गेली. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. दादा सोफ्यावर वर्तमानपत्र वाचत होता, म्हणजे झोपला होता.

थोड्या वेळाने टिकली धावत आली. तोंडाभोवती निळी मिशी. "आई, मामीचं आयसिंग छान आहे, पण गोड कमी आहे."

"बरं," म्हणाले मी, आणि पुढची घडी घातली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बाबांची हाक आली.

बाबा ओट्याशी उभे होते. हातात त्यांचं खळीचं पातेलं, जवळजवळ रिकामं. समोर निळी बिस्किटं, काही अर्धी खाल्लेली, आणि त्यांच्यापुढे बोका, बोटं चाटत.

"ही माझी खळ," बाबा म्हणाले. "खोलीत मुंग्या झाल्या म्हणून इथे निवायला ठेवली होती."

"मोरचूद घातलंय?"

"रोजच्या दुप्पट. मुंग्या हटत नव्हत्या म्हणून."

हातातला दादाचा शर्ट मी तिथेच टाकला. पुढचं सगळं एकदमच सुरू झालं. मी टिकलीला बेसिनवर ओणवं धरलं. दादाने उठून गाडीच्या किल्ल्या शोधायला सुरुवात केली. किल्ल्या त्याच्या हातातच होत्या. बाबा बोक्याच्या घशात बोट घालायला बघत होते आणि बोका बोट चावत होता. "तुरट लागतं रे ते, थुंकला का नाहीस? थुंकला का नाहीस?" बाबा पुन्हा पुन्हा विचारत होते. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, असाल तसे निघा, बरणी सोबत आणा. बाबांनी खोलीतून बरणी आणली आणि ती छातीशी धरून उभे राहिले.

"माझ्यामुळे," बाबा म्हणाले. "मेलो असतो तर बरं झालं असतं."

तेवढ्यात वहिनी ट्रे घेऊन दारात आली. ओकायला लावलेली मुलं, रडणारी मी, पाठमोरा नवरा आणि हातात बरणी घेतलेले सासरे तिने पाहिले.

"काय झालं?"

"मुलांनी माझी खळ खाल्ली, सूनबाई. मोरचूदाची."

मला वाटलं, आता ट्रे पडतो हिच्या हातून. वहिनीने तो नीट टेबलावर ठेवला. तिचा चेहरा उतरला, पण ती मुलांकडे बघतच नव्हती. बाबांकडे बघत होती. मग पुढे होऊन तिने त्यांच्या हातातून बरणी घेतली, झाकण काढलं, त्यातला चांगला बोराएवढा खडा उचलला आणि तोंडात टाकला.

"वहिनी!" मी ओरडले.

कडकन आवाज झाला. ती खडा चावत होती.

"खडीसाखर आहे," ती म्हणाली. "वरून खायचा निळा रंग चोळलेला. बाबा, यात मोरचूद नाहीच. बोका रांगायला लागला तेव्हापासून नाही."

कुणालाच काही समजेना. दादाने एक खडा घेऊन चाटला, मग दुसरा तोंडात टाकला. मी चाखला. गोड! आयुष्यात साखर इतकी गोड मला कधी लागली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी टिकलीला इतकं घट्ट आवळलं की तीच कावली. दादा किल्ल्या हातात घेऊन खाली फरशीवर बसला आणि हसता हसता रडायला लागला. मी डॉक्टरांना पुन्हा फोन करून सगळं सांगितलं. पलीकडे ते बराच वेळ हसत होते, मग म्हणाले, मुलांना आता काही झालंच तर दात किडतील. बोक्याने विचारलं, "मग आता बिस्किटं खायची ना?"

बाबा मात्र हसले नव्हते.

"रांगायला लागल्यापासून," ते म्हणाले.

"एकदा तुमच्या खोलीत गेले तर याच्या हातात बरणी होती," वहिनी खाली मान घालून सांगू लागली. "झाकण उघडलं नव्हतं त्याने. पण मला रात्रभर झोप आली नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही शिकंजा विकून मोकळे झाला असता, मला माहीत होतं. मग दिवसभर काय केलं असतंत? म्हणून त्या दिवशीच मोरचूद टाकून दिलं आणि हे भरलं. बरणी संपत आली की करते. चुकलं माझं."

"म्हणजे इतकी वर्षं," बाबा सावकाश म्हणाले, "मी पुस्तकांना साखर चारतोय."

ते वळले, खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आमच्या हसण्यावर पाणी पडलं. मुलं सुखरूप होती, याहून मोठं काय, पण सगळ्यांचे कान त्या दाराकडे लागले होते. थोड्या वेळाने दाराआडून शिकंज्याचा दांडा फिरवल्याचा आवाज आला. करकर, करकर. "खोलतायत," दादा कुजबुजला. "आता भंगारवाला येणार." वहिनी दारापाशी गेली, तिने हात वर केला, पण दार वाजवलं नाही. तशीच उभी राहिली. डोळ्यांना पदर लावलेली वहिनी मी पहिल्यांदाच पाहिली. इतकी वर्षं मी हिला पसाऱ्याला वैतागलेली समजत होते! हिने तर चोरून साखरेला रंग चोळत बसून तो पसारा जपला होता. माझी मलाच लाज वाटली, आणि मी उगाचच तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो राहू दिला.

मुलांना या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. त्यांनी उरलेल्या निळ्या खळीने मोठी चांदणी पुरी केली आणि खिडकीत टांगली. डब्याही केल्या. बोक्याची डबी बापासारखीच बसकी झाली आणि तोही बापासारखाच रडला.

ऊन टेबलावरून उतरलं तेव्हा दार उघडलं. बाबांच्या मुठीत काहीतरी होतं.

"ग्रंथपालाला निरोप द्यायला हवा," ते दादाला म्हणाले, एरवीच्याच चिडक्या आवाजात. "त्याची पुस्तकं परत आणून पुठ्ठे बदलून देतो. मुंग्यांनी मेजवानी मांडली असेल तिथे. आणि खळीत यापुढे लवंगेचं पाणी घालू. लवंग खाऊन कुणी मरत नाही." मग वहिनीकडे वळून म्हणाले, "सूनबाई, सगळ्यांच्या डब्या झाल्या. तुझी कुठाय?"

"आज कुठे जमलं, बाबा."

"मग खाऊ कसा मिळेल?"

त्यांनी मूठ उघडली. तळहातावर अबरीची डबी होती. आत पुठ्ठा, वर जुना निळा-तांबडा कागद, कोपरे असे की नख अडकणार नाही. शिकंज्यात दाबलेली, म्हणून कडा कोऱ्या पुस्तकासारख्या. झाकण त्यांनी स्वतः उघडून दाखवलं. आत निळी खडीसाखर होती.

दादा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. आम्ही रडून रडून डोळे सुजवले तेव्हाही बाबांनी आम्हाला डबी करून दिली नव्हती. आईलाही नाही.

वहिनीने ती दोन्ही हातांनी घेतली. "चुकलं ना माझं?" तिने पुन्हा विचारलं.

"चुकलंच," बाबा म्हणाले. "साखर फार वाया गेली. आता ती बिस्किटं आण, पोरं ताटकळलीत."

ती डबी अजून वहिनीच्या स्वयंपाकघरात आहे, मिठाच्या आणि साखरेच्या बरण्यांमध्ये. तेवढ्या एकाच वस्तूवर तिने काही लिहिलेलं नाही. परवा गेले तर फडताळावरून मुंग्यांची रांग थेट डबीत चालली होती. मी फडका उचलला, तशी वहिनी म्हणाली, "राहू दे गं, जातात बिचाऱ्या आपल्या वाटेने."