माझं गाणं म्हणजे माईक टेस्टिंग

मुळशीतल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनो, आज सकाळी घोटावड्यात एका हळदीत गायला गेले होते. अजून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथं मोकळी होते.

आपल्याकडं लग्न-हळद सोडली तर गायला जागा आहे कुठं? म्हणून आज ठरवलं, पहिलं गाणं स्वतःचंच म्हणायचं. पिरंगुटला कंपनीत जाता-येता बसमध्ये बसून रचलेलं. शब्द माझे, चाल माझी.

डोळे मिटून दोन कडवी म्हटली. तिसरं सुरू करणार तोच नवरदेवाचे मामा स्टेजपाशी आले. अगदी मायेनं म्हणाले, "ताई, माईक चेक झाला आसंल तर गाणं चालू करा की. पोरं कवाची उभी हायेत."

त्यांना खरंच वाटलं होतं, मी टेस्टिंग करतेय! आता राग तरी कुणावर काढायचा?

आमच्या कीबोर्डवाल्यानं मान खाली घालून नेहमीचं हळदीचं गाणं सुरू केलं. पहिल्याच ठेक्याला अख्खा मांडव नाचायला लागला. आणि नऊ वर्षं तेच गाणारा माझा गळा आपोआप सुरू झाला.

निघताना मामा परत आले. "लई भारी झालं, ताई! पुढल्या महिन्यात आमच्या पोरीच्या हळदीला बी तुमीच या. फकस्त ते टेस्टिंग तेवढं घरनं करून या."

मी म्हणाले, "व्हय, मामा."

तुमच्यापैकी कुणी 'नाही' म्हणून बघितलंय का? मग आता गायला कुठं जाता?