अष्टमीची पाताळगंगा

कर्जतला पुण्याची गाडी सोडून खोपोलीच्या छोट्या गाडीत बसले, तेव्हा मे महिन्याचे ऊन असे होते की खिडकीच्या चौकटीला हात लावायची सोय नव्हती. घरी सांगितले होते, आनंदीकडे खालापूरला जाते, हवापालट होईल. वहिनी म्हणाली, "मे महिन्यात खालापूरला हवापालट? वन्सं, तुमचं काही खरं नाही!" खरेच नव्हते. मी पाण्यासाठी चालले होते.

आमचे माहेर खाडीकाठचे. भाऊ मिसरूड फुटायच्या आधी होडी वल्हवू लागले. मी वल्ह्याला हात लावला की आई ओरडायची, "तुला काय होडीवाल्याच्या घरी द्यायचीय?" पुढे माझे लग्न झाले, वैधव्य आले, पुण्याला भावाकडे राहून मुलींच्या शाळेत शिकवू लागले, पण ती हौस काही मेली नाही. एकदा स्वतःच्या हाताने वल्हे मारीत एकटीने पाणी उतरून पलीकडे जायचे, एवढेच मला हवे होते. आनंदी माझी शाळेतली मैत्रीण, खालापूरला सुईण म्हणून नोकरीला. तिथे नदीच्या तरीवर (होडीने नदी उतरण्याच्या जागी) खाडीकाठचा एक जाणता नावाडी आहे असे ती बोलून गेली, आणि मी सुटी लागण्याची वाट पाहू लागले.

खोपोलीहून टांग्याने निघाले. वाटेतले ओढे पार वाळून गेलेले, गुरे सावलीला उभी, आणि एकदम झाडांमधून वाहती, भरली नदी दिसली. वैशाखात एवढे पाणी! मी टांगा थांबवायला लावला. टांगेवाला म्हणाला, "ही बारमाही हाय, बाई. वर खोपोलीला वीजघर हाय ना, त्याचं पानी हितं सोडत्यात." मला त्या कारणाशी काही देणेघेणे नव्हते. मी नुसती पाहत राहिले.

नावाड्याचे नाव इस्माईल तांडेल. दाढी पिकलेली, आवाज खणखणीत. सासऱ्याचे खालापुरात दुकान होते म्हणून बायकोबरोबर इथे आला आणि इथलाच झाला. त्याची मोठी होडी माणसे उतरवायला असे, आणि आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेले एक लांबट होडके दावणीच्या वासरासारखे बाजूला बांधलेले असे. माझा बेत ऐकून तो हसला नाही, याचेच मला नवल वाटले.

"पवता येतं?"

"विहिरीत शिकले आहे."

"हीर वेगळी, बाई. हीर तुमाला धरून ठेवते, नदी घेऊन जाते."

"मग आधी काय शिकवता? वल्हं?"

"आधी पडायचं," तांडेल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शिकवणी सुरू झाली. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला. पाठीवर वाळका भोपळा करकचून बांधला, बुडू नये म्हणून. काठावर आनंदी पदर तोंडाला लावून हसत होती. तांडेलाने काठालगतच्या संथ डोहात होडके नेले आणि सरळ उलटे केले. नाकातोंडात पाणी गेले, मी काठाकडे धावायला पाहिले, तो ओरडला, "होडकं सोडू नका! तुमी दमाल, लाकूड दमत नाय!" तशी मी तीनतीनदा पडले. होडक्याला धरून राहायचे, पाण्याशी भांडायचे नाही, त्याच्या कलाने तिरपे काठाला लागायचे, हे अंगात मुरल्यावरच वल्हे हाती आले. मग गुडघे रुंद टेकून बसणे, काही झाले तरी उभे न राहणे, आणि होडक्याचे नाक थोडे प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरून वल्हवणे. पहिल्या दिवशी होडके स्वतःभोवतीच गरगर फिरले. खांदे भरून आले, तळहाताला फोड आले. असे सुख मला कितीतरी वर्षांत मिळाले नव्हते.

शिकवणी आटोपली की तांडेलाची बायको खतिजाबी तांदळाची गरम भाकरी आणि लसणाची चटणी पुढे करी. आनंदीने पहिल्या दिवशी डोळे वटारले. मी खाल्ली, मग तिनेही खाल्ली. वाडीवरच्या ठाकरणी पानाच्या द्रोणात करवंदे विकायला येत. ती खाऊन आमचे ओठ काळेनिळे होत.

शनिवारी मला भाच्याच्या मुंजीसाठी परतायचे होते. त्याआधी नदी उतरायची तर कधी, असा प्रश्न आला. तांडेलाने बोटांच्या पेरांवर तिथी मोजली. "बेस्तरवारी अष्टमी हाय. अष्टमीला भांग (भरती-ओहोटीचा जोर मंद असतो ते दिवस). दिवसभर पानी गप. घाई नको, न्याहारी करून निघू."

खतिजाबी चुलीपुढून म्हणाली, "अवो, हिला कुठली भरती नि कुठला भांग? हे गिरन्यांचं पानी. त्यांना वीज लागली का वीजघरातून पानी सुटतं. रविवारी मुंबईच्या गिरन्या बंद, तवाच पानी कमी होतं. नाय तर भल्या पहाटे जा."

"तू गप. पान्यात मी वाढलोय."

पाण्याच्या काठाने मीही वाढले होते. अष्टमीला पाणी मऊ असते हे लहानपणापासून ऐकलेले, त्यामुळे मला तांडेलाचेच पटले. वैऱ्यालाही पटले असते, इतक्या खात्रीने तो बोलला.

गुरुवारी ऊन चांगले वर आल्यावर मी एकटी होडक्यात बसले. भोपळा बांधून दिल्यावर तांडेल काठावरच राहिला. पहिले काही हात सुरेख पडले. नदीच्या मधोमध आले, तेव्हा मागे वळून हाक मारावीशी वाटली. तेवढ्यात काठावरचे दगड बुडू लागलेले दिसले. पाणी आवाज न करता फुगत होते. होडक्याचे नाक खालच्या अंगाला फिरले. "वर धरा, वर!" तांडेल ओरडत होता. मी जिवाच्या आकांताने वल्हे ओढले, आणि होडके आडवे होऊन उलटले.

भीती वाटली, खोटे कशाला सांगू? पण हातांनी होडके सोडले नाही. परतायचे की पलीकडे जायचे, एवढाच विचार आला. अर्धी नदी तर पार केली होती. मी पाय मारू लागले, पलीकडे. पुष्कळ खाली वाहत गेले, आणि एका करंजाच्या मुळाशी गुडघे चिखलाला लागले.

तिथे एक ठाकरीण मोळी टेकवून उभी होती. तिने मला, भोपळ्याला, उलट्या होडक्याला नीट पाहून घेतले.

"कोनाकडं आलीस गं, बाय?"

"कोणाकडे नाही," मी म्हणाले.

"मंग आलीस कशापायी?"

तेवढ्यात मोठी होडी घेऊन तांडेल पोचला. तो उतरला आणि चिखलातच बसला. "माजं चुकलं, बाई. इतकी वर्सं हितं हाय, पन अजून सकाळी उठलो का आमच्या खाडीचंच पानी मोजतो. ती सुटत नाय." मी त्याच्याशेजारी बसले. आम्ही दोघेही फुगलेल्या नदीकडे पाहत राहिलो. परत मोठ्या होडीतूनच गेले. खतिजाबीने नवऱ्याला काय ऐकवले ते इथे लिहीत नाही.

शनिवारी घाट चढताना गाडी ठाकुरवाडीला थांबली. पाताळगंगा डोंगराच्या पलीकडे, इथून दिसत नाही, हे ठाऊक असूनही मी खिडकीतून मान काढून पाहत होते. आजवर मी प्रवास कमी केला नाही. माहेरी गेले, सासरी गेले, नणंदेकडे बारशाला, बहिणीकडे बाळंतपणाला, आता मुंजीसाठी भावाकडे चालले होते. जिथे गेले तिथे कोणीतरी दारात उभे होते आणि माझ्यासाठी काही काम होते. त्या चिखलाच्या काठावर माझे कोणी नव्हते, काही काम नव्हते. आणि तिथून माझा पाय निघत नव्हता.