वजीर खा ना, दादा!

माझ्या थोरल्या भावाला मी बिघडवलं. तेव्हा त्यानं सत्तरी ओलांडली होती.

या वयात माणूस बिघडत नाही असं लोक म्हणतात. त्यांनी आमचा दादा पाहिलेला नाही. विडी नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. एक बुद्धिबळ तेवढं. तेच मी नासवलं!

दादा रोह्याला राहतो, माझ्या माहेरच्या घरी. मी लग्न होऊन गडबला आले, आणि तेव्हापासून दर भाऊबीजेला कासूहून गाडी धरून रोह्याला जाते. ओवाळून होतं, फराळ होतो, मग दादा पट मांडतो. डाव एकच, तो वर्षभर पुरवायचा. (बाकीच्या बहिणी भावाकडे साडीसाठी जातात. मी हरायला जायचे.) कारण दादाला मी कधी म्हणजे कधीच हरवलं नव्हतं. परकर नेसत होते तेव्हापासून नाही. मरायच्या आत एकदा त्याच्या राजाला माझ्या हातानं मात द्यायची, एवढीच माझी इच्छा होती. काशीबिशी मला नको होती.

आमचा खेळ बाबानं शिकवलेला, जुन्या पद्धतीचा. प्यादं कायम एकच घर चालणार. राजाला सबंध डावात एकदा, शह लागलेला असला तरी, घोड्यासारखी अडीच घरांची उडी. आणि दादाची सुरुवात ठरलेली. भाताच्या खाचराला बांध घालावा तसा तो एकेक प्यादं सरकवत बांध घालायचा. घाई म्हणून नाही. एक चाल करून चहा प्यायचा, दुसरी करून बाबाची आठवण काढायचा, तिसरी करून माझ्या सासरला नावं ठेवायचा. वहिनी शेजारी बिरड्याचे वाल सोलत बसायच्या. वाल सोलून, शिजून, जेवणाच्या हाका मारून झाल्या तरी आमचा डाव अर्ध्यात! मी बांध फोडायला जायचे आणि चिखलात रुतायचे. दादा म्हणायचा, "सुमे, घाई नको गो. पाणी आपसूक येतंय." आणि यायचंच, माझ्या नाकातोंडाशी.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी सुनेला म्हटलं, "त्या फोनला विचार, दादाला हरवायचं कसं."

"आई, फोन मामांना ओळखत नाय."

"मग बुद्धिबळात हरवायचं कसं ते विचार. दादाचं मी बघते."

त्या दिवशी तो पोरगा फोनमधून आमच्या घरात शिरला. डोक्यावर उलटी टोपी, पाठीमागं निळे दिवे, आणि बोलणं असं, की जणू कुत्रं मागं लागलंय. "मित्रांनो, ही सुरुवात लावा आणि समोरच्याला रडवा!" मी त्याची आजी शोभेन, पण मित्रांनो म्हटल्यावर मी सरसावून बसले. युक्ती काय होती ते सांगते. आपला वजीर आपणच उघडा टाकायचा. समोरच्याला वाटतं, हिला दिसलंच नाही. तो हावऱ्यासारखा उंटानं वजीर खातो. मग आपल्या एका उंटानं आणि दोन घोड्यांनी मिळून त्याच्या राजाला भर अंगणात गाठायचं. मात! "समोरचा हमखास फसतो," पोरगा म्हणाला. हमखास! आमच्याकडं गाडीच्या वेळेलासुद्धा कुणी हमखास म्हणत नाही. मी विरघळले.

चाली पाठ केल्या. भांडी घासताना पातेल्यांचे उंट आणि वाट्यांचे घोडे केले. पण घरी पटावर मांडून बघते तो मात होईना! बाबाच्या नियमानं राजा टुणकन उडी मारून निघून जायचा, आणि माझा वजीर फुकट मेलेला. त्या पोराच्या खेळात राजाला उडी नव्हती, आणि प्यादं पहिल्या खेपेला दोन घरंही चालत होतं. म्हणजे दादाला फसवायचं तर आधी नियम बदलायला हवे. आणि बाबाचे नियम दादाकडून बदलून घेणं म्हणजे देव्हारा उचलून गोठ्यात ठेवणं!

मी भाऊबीजेची वाट पाहिली. ओवाळून झालं, दादानं ताटात साडी ठेवायला हात पुढं केला, तसं मी ताट मागं घेतलं.

"साडी नको. आज फोनच्या नियमानं खेळायचं. हीच माझी ओवाळणी."

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, डोकं ठिकाणावर हाय ना? बांगड्या मागा, पाटल्या मागा!"

दादानं साडीची घडी परत मांडीवर घेतली. मग हळूच म्हणाला, "बाबाची उडी काढायची?" पण समोर निरांजन घेऊन उभ्या असलेल्या बहिणीला नाय कसं म्हणणार? "बरं," म्हणाला, "आजचा दिवस." तेव्हाच मला लाज वाटायला हवी होती. मला झाला तो आनंद!

पट मांडला. सगळं अगदी फोनमधल्यासारखं घडत गेलं. दादाचा उंट जिथं यायला हवा तिथंच येऊन बसला. मी घोडा उचलला, त्याचं प्यादं मारलं आणि वजीर उघडा टाकला. दादानं पटाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. पुन्हा पटाकडं बघितलं. आणि त्याच्या घोड्यानं माझा घोडा खाल्ला!

"अरे, घोडा काय खातोस? वजीर खा ना, दादा!"

"का गो?"

"वजीर मोठा असतो!"

"म्हणूनच इचारतो. तू लहानपणी खोबऱ्याची वडी कुणाला दिली नायस, ती आज वजीर देतेस?"

"चुकून राहिला तो."

"मग चाल मागं घे. सणाचा दिवस हाय."

"मागं नको! तू खा!"

"शिळा हाय काय?"

वहिनी वाल टाकून आल्या. "अहो, एवढा आग्रह करतायत तर खा ना त्यांचा वजीर!"

"तू गप. ही आपणहून वाढतेय म्हंजे ताटात कायतरी हाय."

समोरच्यानं वजीर नाहीच खाल्ला तर काय करायचं, हे पोरगा शेवटी सांगत असेल अशी मला आशा होती. "हात धुऊन येते," असं सांगून मी फोन पदराखाली घेऊन मागीलदारी गेले. आधी फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात लागली. आवाज कमी करायला गेले तो वाढला, आणि पोरगा सगळ्या आळीत घुमला: "समोरचा येडा वजीर खाणारच, मित्रांनो!"

घरातून प्रश्न आला, "येडा कोण? मी?"

दादा बाहेर आला. त्यानं माझ्या हातातून फोन काढून घेतला, वहिनींकडून चष्मा मागवला आणि उभ्या उभ्या सगळा व्हिडिओ बघितला. मला वाटलं, आता हा फोन विहिरीत टाकणार. (टाकला असता तर त्याच्या पाया पडले असते!) दादा म्हणाला, "पोरगा हुशार हाय गो. हा खालचा दुसरा कसा लावायचा?"

जेवताना त्यानं फोन तांब्याला टेकवून ठेवला, आणि माझा उरलेला डाव डाव्या हातानं, पटाकडं नीट न बघता, संपवला. मी नेहमीसारखी हरून गडबला परत आले.

पुढं वहिनींचे फोन यायला लागले. दादानं मुलाकडून स्वतःचा फोन मागून घेतला होता. "वन्सं, हे शेतावर जातात ते फोन बघायला. काल जेवताना मला म्हणाले, मित्रांनो, आमटीत मीठ कमी हाय!" मी हसले. सुनेलाही सांगून हसवलं. आणि संध्याकाळी दादाचा फोन आला की विचारायचे, "आज नवीन आलाय तो बघितलास?" दोघं भाऊबहीण एकाच पोराच्या शिकवणीला बसलोय, याचं मला कौतुकच वाटत होतं.

मग यंदाची भाऊबीज आली. मी पोचले तर दादानं पट आधीच मांडलेला. "फोनचेच नियम," तोच म्हणाला. आणि ताशावर टिपरू पडावं तशा चाली टाकायला लागला. चहा नाही, बाबा नाही. मीच म्हटलं, "आमच्या गडबला यंदा..."

"खेळ गो," दादा म्हणाला.

माझ्या सासरला नावं ठेवायची आयती संधी त्यानं सोडली! काहीतरी बिनसलंय हे मला कळलं ते तेव्हा.

बांध नव्हताच. त्यानं घोडा पार पटाच्या मधोमध आणून ठेवला, एक प्यादं उघडं सोडलं आणि चमकत्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत बसला. ते फुकटचं प्यादं मी खाल्लं की त्याचा वजीर माझ्या घरात घुसणार, हे मला ठाऊक होतं. तो व्हिडिओ मी दोनदा बघितला होता. मी घोडाच मारला.

"अगो, प्यादं खातात तिथं!"

"दादा, मी बी त्याच पोराचं बघते."

त्याचा व्हिडिओ तिथं संपला. खरं सांगते, दादाही तिथंच संपला. पुढं काय करायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. वजीर एकटाच बाहेर काढला, तो गमावला. हत्ती कोपऱ्यात निजून राहिले. मला बघवेना. मी म्हटलं, "दादा, बांध घाल ना तुझा. अजून प्यादी हायत."

त्यानं एक प्यादं उचललं, परत ठेवलं. मग म्हणाला, "कुठनं सुरू करायचा गो तो?" थट्टा करत नव्हता.

मुद्दाम हरावं असं माझ्या मनात आलं. पण एवढी वर्षं मी हरले ती खरीखुरी हरले. ते सोंग मला जमेना. मी मात दिली. ज्याला हरवायचं म्हणून जन्म घालवला, तो त्या दुपारी पटापाशी नव्हताच. मी हरवला तो उलट्या टोपीचा पोरगा, आणि तोही त्याच्याच शिकवणीनं!

वहिनींनी कढईखाली जाळ केला होता, अजून वडे पडले नव्हते. "झाला पण डाव?" त्या म्हणाल्या. "मग वाल सोला." आम्ही दोघं वाल सोलत बसलो. आख्खी दुपार समोर पडलेली, आणि बोलायला काही नाही. दादा मधूनच फोनकडं बघायचा.

घरी आल्यावर मी त्या पोराच्या व्हिडिओखाली एका बोटानं, चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरांत लिहिलं, "बाळा, माझ्या भावाची स्वतःची सुरुवात होती. ती तुझ्या नादानं हरवली. ती परत कशी आणायची त्याचा व्हिडिओ कर." दुसऱ्या दिवशी बघते तर पोरानं त्यावर लाल बदाम ठेवला होता, आणि खाली लिहिलं होतं, "थँक्यू आजी! असंच प्रेम राहू द्या!"

मला इतका राग आला, की मी फोन पालथा घातला. मग सुलटा करून बघितलं, बदाम होता. सुनेला दाखवला. शेजारी जाऊन दाखवून आले. रात्री दादाला फोन करून सांगितलं. त्यानं म्हणे त्या पोराला वर्षभर लिहिलंय, रोज लिहिलंय, पण त्याला एकदासुद्धा बदाम मिळालेला नाही.

माझा जीव हळहळला, खोटं कशाला बोलू. पण चला, दादाला मी एकदा तरी सरळ हरवलं!