दलमा बेटावर जाताना

दुबईची खाडी मागे पडली तेव्हा औषधाचा डबा मी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. एकोणीसशे साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझे थोरले भाऊ, आमचे भाईजान, दूर पश्चिमेला दलमा बेटावर एका मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे स्वयंपाकी होते. बारा दिवस ताप उतरलेला नाही, असा त्यांचा निरोप आला आणि मी मिळेल ते गलबत पकडलं.

गलबताचा नाखुदा (आपल्याकडचा तांडेल) सालिम हा मोजकं बोलणारा म्हातारा. मुंबईच्या फेऱ्या करून हिंदी शिकलेला. पहिले दोन दिवस समुद्र शहाण्यासारखा वागला. भात, तळलेला मासा, खजूर आणि कडू कॉफी. मी हावरटासारखा जेवलो.

तिसऱ्या सकाळी आम्ही सर बनी यास बेटाच्या आडोशाला नांगर टाकून होतो. दलमा आता चार-पाच तासांवर. सालिम म्हणाला, "आज रुकेगा. शमाल (वायव्येचा वारा) आएगा."

मी वर पाहिलं. आभाळ निळंशार, ढगाचा ठिपका नाही. माझा पारा चढला.

"हम रत्नागिरी का आदमी है. दर्या हमको मत सिखाओ! बादल किधर है?" एवढं बोललो आणि माझा ताठा गळला. "उधर मेरा भाई मर जाएगा."

सालिम सुकाणूकडे वळला. मग खलाशांना म्हणाला, "यल्ला (चला)."

खलाशी पाण्याची पिंपं दोरांनी आवळू लागले. एवढ्या शांत समुद्रात ही तयारी पाहून मला हसू आलं. म्हाताऱ्याला कसं पटवलं, या खुशीत मी होतो.

दीड तासाने वारा सुटला. कोकणात वादळ आधी आभाळ काळं करून वर्दी देतं. इथे लख्ख ऊन, आणि त्या उन्हात घराएवढ्या लाटा अंगावर येत होत्या. खाल्लेलं सगळं मी समुद्राला परत केलं. डबा सदऱ्यात कोंबून डोलकाठीला मिठी मारली आणि आठवतील तेवढ्या दुआ पढल्या. सालिम सुकाणूवर उभा राहून एकेका लाटेसमोर गलबताचं नाक आणत होता. त्याने एकदाही माझ्याकडे रागाने पाहिलं नाही.

दुपार कलताना दलमा लागलं. भाईजान झावळ्यांच्या खोलीत निपचित पडले होते.

"येवढ्या वाऱ्यात कशाला आलास रे?" ते पुटपुटले. मला रडूच कोसळलं.

औषध लागू पडलं. चौथ्या दिवशी ताप उतरला, आणि पेज पिऊन ते माझ्यावर ओरडले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

परतीच्या वाटेवर मी सालिमची माफी मागितली. "नाखुदा, मैंने जबरदस्ती किया. तुमको भी पक्का मालूम नहीं होगा, हवा सच में आएगा."

"मालूम था," तो म्हणाला.

"फिर निकले क्यों?"

त्याला माझा प्रश्नच विचित्र वाटला. "तुम्हारा भाई बीमार था ना?"

दुबईला उतरल्यावर मी त्याचे दोन्ही हात धरले. त्याच्या जागी मी असतो, तर माझ्यासारख्या फुशारक्या मारणाऱ्या परक्यासाठी निघालो असतो का? छातीवर हात ठेवून ‘हो’ म्हणायला मला आजही जमत नाही.