पंधरावा सामना

मी आयुष्यात कधी फुटबॉल खेळलेलो नाही. तरीही गेल्या हंगामात न्युरेम्बर्गजवळच्या आमच्या गावातला एक युक्रेनी क्लब वरच्या गटात जाणार की नाही, हे माझ्यावर अवलंबून होतं. ती वेळ मीच आणली होती.

या क्लबचा जन्म आमच्या वरच्या मजल्यावर झाला. तिथे राहणारी बाई तिच्या देशात दातांची डॉक्टर होती. इथे पदवी मान्य होईपर्यंत ती वृद्धाश्रमात काम करते. तिच्या ओळखीची माणसं सांडपाणी केंद्रामागच्या खडीच्या मैदानावर संध्याकाळी खेळायची. तिने बावीस जणांची नोंदणी केली आणि स्वतः अध्यक्ष झाली. नवा क्लब सगळ्यात खालच्या गटात सुरू होतो, असा नियम आहे. पहिला सामना त्यांनी सतरा-शून्य जिंकला, दुसरा अकरा-शून्य. तिसऱ्याला समोरचा संघ आलाच नाही.

मग कुरबूर सुरू झाली. बेकरीच्या रांगेत कळलं की हे सगळे व्यावसायिक खेळाडू आहेत. मी चौकशी केली. तिकडच्या दुसऱ्या व्यावसायिक श्रेणीत खेळलेला एकच होता, तोही एकोणीस वर्षांपूर्वी. गोलकीपर बस चालवायचा आणि डाव्या बाजूने पळणारा गणित शिकवायचा. कोणी विचारलं, ही माणसं युद्धावर का नाहीत? शेजारीण म्हणाली, "प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, आणि ते बेकरीत सांगायचं नाही."

आणखी एक नियम होता. प्रत्येक क्लबने एक पंच द्यायचा आणि त्या पंचाने हंगामात इतर क्लबांचे पंधरा सामने घ्यायचे. नाहीतर क्लबचे तीन गुण कापले जातात. पंचाची परीक्षा जर्मनमध्ये असते आणि तेवढं जर्मन त्यांच्यात कोणालाच येत नव्हतं. म्हणून ती मधाचा केक घेऊन खाली आली.

"तुम्ही नियम वाचता," ती म्हणाली. "जिन्यात सायकली ठेवू नयेत, हा कागद तुम्हीच लावलात ना?"

"कलमासकट," मी म्हणालो.

"अहो, नाही म्हणा," बायको केक कापता कापता मराठीत म्हणाली. "वय किती तुमचं?"

त्रेपन्न. परीक्षेत तीस प्रश्न होते, माझे तीसही बरोबर आले. "आणि धावण्यात कितवे आलात?" बायकोने विचारलं. धावण्यात नंबर काढत नाहीत. काढला असता तरी मी सांगितला नसता.

एप्रिलअखेर फुटबॉल मंडळाच्या यादीत माझ्या नावापुढे पंधरा सामने लागले. युक्रेनी संघ पहिला होता, दुसऱ्यापेक्षा दोन गुणांनी पुढे. सगळं ठीक होतं. फक्त एक गोष्ट मला टोचत होती. नोव्हेंबरातला एक सामना मी धुक्यामुळे एक्केचाळिसाव्या मिनिटाला थांबवला होता आणि तोही त्या पंधरात धरला होता. मी मंडळाला ईमेल लिहून विचारलं, हे बरोबर आहे का?

दोन दिवसांत उत्तर आलं. बरोबर नाही, चौदाच धरले जातील. उत्तराची प्रत गटातल्या सगळ्या क्लबांना गेली होती. दुसऱ्या क्रमांकाच्या क्लबचा अध्यक्ष गावातला खाटीक आहे. त्याची तीन गुण कापण्याची मागणी दुपारपर्यंत पोचलीसुद्धा.

शेजारीण जिन्यातच बसली. "तुम्हाला कोणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग?"

"एक्केचाळीस मिनिटं म्हणजे पूर्ण सामना नव्हे."

"सात जणांना दुसऱ्या क्लबांनी बोलावलंय. वर गेलो तर ते थांबतील, नाहीतर जातील. मग क्लब म्हणजे मी आणि चहाचा थर्मास."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. घरात मुलीने नुसतं "पापा, वारूम?" विचारलं. का, याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते ऐकायला कोणी थांबलं नाही.

शेवटच्या रविवारपर्यंत एक सामना मिळाला तर प्रश्न सुटणार होता. पंचांच्या नेमणुका करणाऱ्या गृहस्थांना मी फोन केला. ते म्हणाले, एकच सामना उरलाय, खाटकाच्या क्लबच्या प्रौढ संघाचा मैत्रीपूर्ण सामना. मी विचारलं, "मी तो घेणं नियमात बसतं का?"

"बसतं," ते म्हणाले. "आणि कृपा करून आता काही विचारू नका."

रविवारी गावात जत्रा होती. खाटकाच्या संघातले बहुतेक जण तिथल्या बियरच्या मांडवात होते. मैदानावर आले फक्त सात, गोलमध्ये स्वतः खाटीक. सात हा किमान आकडा. एक जरी कमी झाला तर सामना थांबवावा लागतो, आणि थांबवलेला सामना मोजत नाहीत, हे आता सगळ्या गटाला माहीत होतं. माझ्यामुळेच.

कुंपणाजवळ शेजारीण, तिचे अकरा खेळाडू आणि माझी बायको उभी होती. सत्तर मिनिटांचा खेळ. त्या सातांपैकी कोणी लंगडला की अकरा युक्रेनी एकदम श्वास रोखत. एकाच्या पोटरीत गोळा आला तेव्हा त्यांचा बसचालक कुंपणावरून उडी मारून गेला आणि त्याचा पाय चोळून परत आला. खाटकाचा संघ शून्य-सहा हरत होता, आणि त्याला मिळाला तसा पाठिंबा मी दुसऱ्या कुठल्याही मैदानावर पाहिलेला नाही.

त्रेसष्टाव्या मिनिटाला समोरच्या संघाने चेंडू लांब मारला. त्यांचा पुढचा खेळाडू, वय साधारण साठ, त्यामागे निघाला. खाटीक गोलपुढच्या चौकटीतून बाहेर आला, चांगला चार पावलं, आणि त्याने चेंडू दोन्ही हातांनी झेलला. छातीशी धरून तो माझ्याकडे बघत उभा राहिला.

चौकटीबाहेर गोलकीपरलाही हात लावता येत नाही. नक्की होणारा गोल असा अडवला तर लाल कार्ड, म्हणजे खेळाडू बाहेर. तसं नसेल तर पिवळं. ठरवायला चार अटी आहेत: अंतर, दिशा, बचाव करणारे किती, आणि हल्ला करणाऱ्याला चेंडू मिळाला असता का.

मी पिवळं दाखवलं.

"हे लाल आहे!" खाटीक ओरडला.

"पिवळं."

"मी चौकटीच्या बाहेर होतो! हातात धरला! मागे कोणी नव्हतं!"

"समोरचा खेळाडू चेंडूपासून बारा पावलांवर गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता," मी म्हणालो आणि त्या साठीच्या गृहस्थांना विचारलं, "चेंडू मिळाला असता का तुम्हाला?"

"उद्या," ते धापा टाकत म्हणाले.

"अहो, त्याला सांगा, आणखी बोललास तर दुसरं पिवळं!" कुंपणावरून बायको ओरडली. दोन पिवळी म्हणजे एक लाल, हे तिला कोणीतरी लगेच सांगितलं असावं, कारण पुढची सात मिनिटं ती तोंडावर हात ठेवून होती.

सामना पूर्ण झाला. शेजारणीने मला मिठी मारली आणि बसचालकाने उचललं. खाटकाने हात मिळवला. "मी असतो तर लाल दिलं असतं," तो म्हणाला. त्याने ते मुद्दाम केलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. बायकोला माहीत आहे.

घरी जाताना गाडीत तिने विचारलं, "खरं सांगा. चार अटींपैकी किती लागू होत्या?"

"तीन."

"आणि चौथी?"

"चौथी नव्हती. ते गृहस्थ खरंच बारा पावलांवर होते."

"मग तोंड का असं?"

मी तिला सांगितलं. कार्ड मी आधी काढलं होतं. पावलं नंतर मोजली.

"ईमेल करणार नाही आहात ना?"

अहवालात मी सगळं लिहिलं: मिनिट, चौकटीपासूनचं अंतर, बारा पावलं, पिवळं कार्ड. दोनदा तपासलं, एकही ओळ खोटी नव्हती. मंडळाने सामना मान्य केला, क्लब वर गेला, सातही जण थांबले. कार्ड आधी की मोजणी आधी, हे त्या फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.