सुलटी ठोकलेली फळी

पत्र आहे म्हणून दूर बसून वाचू नकोस गं, सरक जवळ. बोलावलं तर येत नाहीस, म्हणून लिहावं लागतं मला. आणि वाचताना मध्येच उठून जाऊ नकोस. तुम्हा पोरींची ती फार वाईट खोड आहे.

ऐंशीनंतरची वर्षं ती. चामोर्शीकडच्या आमच्या घरामागं वाडी होती. तिथं पेरूखाली मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सागाच्या फळ्यांचा बसका मंच ठोकला होता. वर निळा ऑइलपेंट. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या दिवसभर तिथंच असायच्या. तांदूळ निवडणं तिथं, तंबाखू मळणं तिथं. बसून बसून मधल्या फळीला खळगा पडला होता. एका हिवाळ्यात त्या गेल्या, आणि मंचाकडं बघायला कोणी उरलं नाही. रंगाला पोपडे सुटले, फळ्या झिजून खरखरीत झाल्या.

ऊन उतरलं की मंच वाजायचा. एका टोकाकडून कर्र, कर्र करत आवाज यायचा आणि मधल्या फळीपाशी थांबायचा. मामाजी पायरीवर बसून ऐकायचे. "आली," म्हणायचे. मग जेवायला कितीही हाका मारा, उठायचे नाहीत. उपाशीच झोपायचे. अंगावरचं मांस झडत चाललं होतं त्यांच्या.

आमचे हे शाळेत मास्तर. "तापलेलं लाकूड थंड होते, तं वाजते," म्हणायचे. "आपण बुद्धाची माणसं. आपल्या घरी भूत येते का?" एक दिवस त्यांनी कुऱ्हाडच काढली. "बाबा येडे होऊन राह्यले या फळ्यांपायी. फोडतो अन् चुलीत घालतो."

मी आडवी आले. मंच गेला असता तर मामाजीही गेले असते, हे मला दिसत होतं. म्हटलं, "एक डाव मले दुरुस्त करू द्या. नवा दिसला तं त्यांच्या मनातलं जाईन. नाई गेलं, तं मंग फोडा."

वाढई आला. सुताराला आमच्याकडं वाढई म्हणतात. बोटानं पोपडा उडवून म्हणाला, "बाई, हा रंग हाय का धानाचा कोंडा?" फुटक्या बाटलीच्या काचांनी आम्ही दोघांनी रंग खरवडला. निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली साग. मग तो खिळे उपसायला लागला. "वरची बाजू झिजली. फळ्या पालथ्या टाकतो, खालची कोरी असते." जुनं काम असंच करायची रीत आहे. कडेच्या फळ्या पालथ्या पडल्या. मधलीला हात घातला, तसे मामाजी पायरीवरून ओरडले.

"तिले पालथी टाकतं का? मेल्या माणसाले पालथं झोपवते का बे कोणी?"

"भाऊ, फळी हाय. बाई नाई," वाढई हसला. पण फळी तोवर उचलली गेली होती.

खालच्या कडेला चुन्याची बोटं होती. तंबाखू मळून झाली की आत्याबाई उरलेला चुना तिथं पुसत असाव्यात. पिवळी पडलेली, वाळलेली बोटं, एकाशेजारी एक. रांगेच्या टोकाला एक जाडसर, थरावर थर चढलेलं, पांढरंशुभ्र.

वाढयानं हात लावून बघितलं आणि फळी सोडली. "बाई! हा तं ओला हाय!"

आवाज ऐकून हे घरातून बाहेर आले. ह्यांनी मामाजींकडं बघितलं. जन्मभर मामाजी तंबाखूला शिवले नाहीत, त्यावरून बायकोशी भांडले. त्यांनी बोट पुढं केलं. नखात चुना होता.

"रोज तिची चिमूट मळून ठेवतो. मंग बोट कुठी पुसू?"

"अन् तंबाखू?" ह्यांनी विचारलं.

"ते तिले विचार. सकाळी नसते."

"वारा नेत असन," हे म्हणाले. पण वर्गात बोलायचा आवाज नव्हता तो. त्यांनी स्वतः फळी उचलली, खळगा वर करून जागेवर ठेवली. "हे सुलटी ठोक."

"बाकीच्या पालथ्या अन् हेच सुलटी? लोक म्हणतीन, वाढई पिऊन होता."

"म्हणू दे."

जवसाचं तेल कोमट करून मी चिंधीनं सगळ्या फळ्यांना पाजलं. मंच वाजायचा थांबला नाही. मामाजीही "आली" म्हणतच राहिले. पण त्यानंतर मी हाक मारली की उठून जेवायला यायचे. "तिची जागा नीट झाली," म्हणायचे. कुऱ्हाडीचं नाव मग ह्यांनी काढलं नाही. उलट आठवडी बाजारातून भाजीसोबत तंबाखूची पुडी यायला लागली. पुढं मामाजी गेले, तरी पुडी येतच राहिली. कोण मळतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आता हेही नाहीत. मंच आहे, दर वर्षी तेल पाजते त्याला. संध्याकाळी आवाज मधल्या फळीपाशी येऊन थांबतो, फक्त आता तो एकाच माणसाच्या पायांचा वाटत नाही. एकटीनं ऐकवत नाही गं. लवकर ये. सकाळच्या बसनं निघ, म्हणजे ऊन उतरायच्या आत माझ्याजवळ पोचशील.